आजारच नाही, तर उतारा कशाला?

जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मुलांविषयीच ओढ वाटू लागली, किंवा मुलगी म्हणून वाढवलेल्या कोणाला ‘मी मुलगा आहे’ असे आतून जाणवू लागले, तर त्याने बोलायचे कोणाकडे? मित्र चिडवणार. घरचे एक तर देवऋषी गाठणार, नाही तर ‘लग्न झाले की येईल ताळ्यावर’ म्हणत स्थळ पाहणार. अशा लग्नात त्याच्याबरोबर दुसऱ्याच्या लेकराचेही आयुष्य होरपळते.

वैद्यकशास्त्राला याबाबत शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. भारतातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा मानसिक आजार नसल्याचे स्पष्ट केले. ‘बरे करतो’ म्हणून असे उपचार करणे हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावले. या मुलांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार अधिक आढळतात, ते मुख्यतः हेटाळणी, मारहाण आणि सतत लपवाछपवीच्या ताणामुळे. घरातला एक माणूस जरी पाठीशी उभा राहिला, तरी हा धोका कमी होतो.

या वयात स्वतःविषयीचे उत्तर लगेच सापडतेच असे नाही. म्हणून मोठ्यांनी त्याला नाव देण्याची घाई करू नये आणि ‘हे खूळ आहे’ म्हणून झटकूनही टाकू नये. ऐकून घ्यावे, गावभर करू नये, शाळा सुटू देऊ नये.

सरकारी व्यवस्था नाही असेही नाही. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आणि समुपदेशक आहेत. मानसिक आणि लैंगिक आरोग्य हे त्यांचेच विषय. मात्र समुपदेशकाला या प्रश्नाचे नेमके प्रशिक्षण हवे आणि बोलायला दार लोटता येईल अशी खोली हवी. ओळखीच्या गर्दीत रांगेत उभे राहून कोणते मूल हे सांगेल? परभणीच्या आरोग्य यंत्रणेने एवढे तरी तातडीने पाहावे. तोवर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतूनही. शाळेच्या फळ्यावर हा क्रमांक लिहायला कोणाच्या मंजुरीची वाट कशाला पाहायची?