शेवटच्या पंगतीचा हिशेब

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात दुपारची जेवणे पंगतीने होत. आधी पुरुषमाणसे आणि आम्ही मुले, मग आजी, आणि सगळ्यांचे आटोपले की आई आणि काकू. त्यांच्या पानात काय पडत असेल, याचा विचार आम्ही कधी केला नाही. पोळी असे, आमटी असे. भाजी मात्र पातेल्याच्या तळाशी उरलेली, आणि दूध मुलांचे नाहीतर आजोबांच्या चहाचे. कोणी विचारलेच तर आई म्हणे, ‘‘मला काय, काहीही चालतं!’’

पुढे आमच्या घरात मधुमेह शिरला, तो कोणाला झाला असेल? खाऊन-पिऊन सुखी, पोट सुटलेल्या मामांना नव्हे. झाला तो माझ्या धाकट्या भावाला. अंगाने काडी, वाड्यात सगळे त्याला चिडवून ‘पैलवान’ म्हणत. अडतिसाव्या वर्षी त्याच्या रक्तात साखर निघाली तेव्हा घरातल्या कोणाचा विश्वास बसेना. ‘‘अहो, हा गोड खातो तरी कुठे?’’ असे आई डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होती. त्या प्रश्नाचे निदान अर्धे तरी उत्तर आपल्या पुण्यातच शोधले जात होते, हे मला फार उशिरा कळले.

गोष्टीची सुरुवात मात्र विलायतेत होते. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका घरोघर जाऊन बाळांची वजने वह्यांत टिपून ठेवीत, जन्माच्या वेळचे आणि वर्षाचे झाल्यावरचे. त्या वह्या साउदम्प्टन विद्यापीठातील डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. वहीतली बाळे आता म्हातारी झाली होती, काही जगाचा निरोप घेऊन गेली होती. बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ हजारांहून अधिक पुरुषांचा माग काढला आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला : जी बाळे अगदी लहान होती, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकाराने दगावणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. म्हातारपणच्या दुखण्याचे मूळ आईच्या पोटात असू शकते, हे त्या काळी अनेकांना पटले नाही. पण प्रश्न पडला तो पडलाच.

तोच प्रश्न पुण्यात केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या मातीत विचारला. साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि इतर संशोधक त्यांच्याबरोबर होते. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू झाले. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जात आणि लग्न झालेल्या तरुण स्त्रियांच्या पाळीच्या तारखा टिपून घेत, म्हणजे दिवस गेले की ते लगेच कळावे. सासू दारात उभी असताना सुनेला असला प्रश्न विचारायचा आणि खरे उत्तर मिळवायचे, हे काम प्रयोगशाळेतल्या कोणत्याही यंत्राला जमणारे नाही. त्याला माणसांचा विश्वासच लागतो.

सुमारे आठशे गर्भारपणांचा असा अभ्यास झाला. त्या मातांचे गर्भारपणाआधीचे सरासरी वजन होते सुमारे ४२ किलो. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे लहान, एवढेच यातून निघाले असते तर त्यात नवे काहीच नव्हते. पण इथल्या कार्यकर्त्यांनी बाळांचा दंड, पोट, डोके, पाठीवरच्या कातडीची चिमटीत येणारी जाडी, सारे मोजले होते. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान. पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळाइतकी! दिसायला रोड, पण आतून मेदवान, असे हे बाळ. संशोधकांनी ते २००३ मध्ये जगापुढे मांडले. रक्तातली साखर खर्ची घालण्याचे मोठे काम स्नायू करतात. जन्मतःच स्नायू तोकडे आणि चरबी राखलेली, अशा शरीरावर पुढे शहरी खाणे आणि बैठे काम येऊन पडले तर काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पुढच्या वर्षी याच गोष्टीची एक मौजेची साक्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघे सारखे, पण काटा चरबी आणि स्नायू यांतला फरक सांगत नाही. मला माझा ‘पैलवान’ भाऊ आठवला. त्याच्या मधुमेहाचे खापर आईच्या पानावर फोडण्याचा माझा हेतू नाही. एका माणसाच्या दुखण्याचे कारण असे बोट ठेवून सांगता येत नाही. पण ‘बारीक माणसाला कसली आलीय साखर’ हा आमचा समज मात्र त्या छायाचित्राने कायमचा पुसला.

आता पुन्हा पंगतीकडे येऊ. या मातांच्या आहाराचा अभ्यास आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव यांनी केला. पुणे विद्यापीठाने पदव्युत्तर संशोधनासाठी मान्यता दिलेली ही संस्था. २००१ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. आईने एकूण किती खाल्ले याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळे आणि दूधदुभत्याशी. ज्या पुन्हा पुन्हा हे खात, त्यांची बाळे भरदार. म्हणजे पातेल्याच्या तळाशी जे उरत नाही, नेमके तेच!

याहून मोठा धक्का ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ ने दिला. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भाजी-भाकरीत ते नसते. या गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला न जुमानण्याची लक्षणे सर्वांत अधिक होती. (म्हणून फोलिक ॲसिडच्या गोळ्या कोणी बंद करू नयेत. बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूसाठी त्या आवश्यकच आहेत. मुद्दा जोडीला बी-१२ ही हवे, एवढाच. आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.)

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नवे औषध, नवे यंत्र येते. पण या संशोधनाची हत्यारे होती टेप, वजनकाटा, वही आणि चिकाटी. ती मुले सहा वर्षांची झाली, बारा वर्षांची झाली, अठरा वर्षांची झाली, आणि प्रत्येक वेळी त्यांना पुन्हा बोलावून तपासले गेले. २०१२ पासून त्यांनाच बी-१२ च्या छोट्या मात्रा देण्याचा प्रयोग सुरू झाला. हेतू हा, की लग्नाआधीच शरीर तयार व्हावे आणि पुढच्या पिढीला त्याचा लाभ मिळावा. आजीपासून नातवंडापर्यंत जाणारे हे काम. निवडणूक पाच वर्षांची, अनुदान तीन वर्षांचे, आणि माणूस घडायला वीस वर्षे! हा मेळ बसवायचा तर विद्यापीठांना आणि रुग्णालयांना लांब पल्ल्याचा पैसा द्यावा लागतो. ‘यातून लगेच काय मिळणार?’ असे विचारणाऱ्या सरकारला आणि देणगीदारांना २०२३ चा एक आकडा दाखवावा : आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चापुढे सहा गावांतल्या वजनकाट्यांचा खर्च तो काय!

दुसरी मागणी विद्वानांकडे. हे निष्कर्ष निघाले आपल्या लेकीसुनांच्या रक्तातून, आणि छापले गेले इंग्रजी नियतकालिकांत. जागतिक मान्यतेसाठी ते हवेच. पण ज्या बाईने महिन्यामागून महिने आपली तारीख सांगितली, तिच्या भाषेत, तिच्या अंगणवाडीत, तिच्या आशा कार्यकर्तीच्या तोंडून ते तिच्यापर्यंत पोहोचलेच पाहिजेत. त्याशिवाय संशोधन पुरे झाले असे म्हणू नये.

आणि तिसरी मागणी तुमच्या-माझ्याकडे. तिला ना अनुदान लागते, ना परवानगी. आज रविवार आहे, सगळे घरात आहेत. स्वयंपाकघरात जाऊन बघा, घरातली बाई शेवटी जेवायला बसते तेव्हा भाजी उरलेली असते का? वाटीभर दही तिच्या पानात पडते का? घरात वयात येणारी मुलगी असेल तर आधी तिचे पान बघा, कारण गर्भारपणात डोहाळे पुरवून वीस वर्षांची उणीव भरून निघत नाही.

आमच्या घरी आता पंगती नाहीत, टेबल आहे. परवा माहेरपणाला आलेली पुतणी, त्या ‘पैलवाना’ची लेक, सगळ्यांना वाढून झाल्यावर म्हणाली, ‘‘मी बसते मागून, मला काहीही चालेल.’’ मी हातातला घास खाली ठेवला आणि तिचे पान आधी वाढले.