शंभरातले नऊ रुपये

चाकणच्या बाजारात कांदा विकला की शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो. त्याला पट्टी म्हणतात. वर मालाचं वजन, भाव आणि एकूण रक्कम. त्याखाली वजाबाकी : हमाली, तोलाई, वाराई. सगळ्यात तळाशी उरतो तो आकडा. घरी आल्यावर 'किती झाले?' असं कुणी विचारलं, तर शेतकरी वरचा आकडा सांगत नाही, तळचा सांगतो.

तिथून वीस-एक किलोमीटरवर, निगडी-आकुर्डीच्या एखाद्या फ्लॅटमध्ये, त्याच शेतकऱ्याचा नातू लॅपटॉपवर ब्लेंडर उघडून टोपी बनवत बसलेला असू शकतो. ही टोपी खऱ्या डोक्यावर कधीच बसणार नाही. ती 'रोब्लॉक्स'मधल्या एखाद्या पात्राच्या डोक्यावर बसणार आहे. विकत घेणारा ब्राझीलमधला असेल, फिलिपिन्समधला असेल किंवा शेजारच्या चिंचवडमधला. टोपी विकली जाते, स्क्रीनवर आकडा वाढतो, मित्रांमध्ये चर्चा होते. 'भाऊ, गेममधून कमावतो!' पण 'किती झाले?' असं विचारलं तर हा नातू बहुतेक वेळा वरचाच आकडा सांगतो. म्हणून आज त्याची पट्टी मांडू या.

हे काम आपल्याकडे रुजणारच

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हणजे गाड्यांचा पट्टा. इथे दहावीनंतर डिप्लोमा, मग कॅटिया किंवा सॉलिडवर्क्सचा क्लास, मग एखाद्या व्हेंडरकडे डिझाइनची नोकरी, ही वाट घरोघरी माहीत आहे. ज्याला गिअरबॉक्सचं झाकण स्क्रीनवर काढता येतं, त्याला ब्लेंडरमध्ये तलवार, पंख, जॅकेट काढायला शिकणं फार अवघड नाही. सॉफ्टवेअर वेगळं, पण नजर तीच. शिवाय ब्लेंडर फुकट मिळतं.

पुण्यात गेमचं वातावरणही आहे. युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८ पासून आहे. 'राजी' हा गेम बनवणारी नॉडिंग हेड्स पुण्याची, 'इंडस' काढणारी सुपरगेमिंगही पुण्याची. तिथे नोकरी मिळणारे मोजके. घरी बसून गेममधल्या वस्तू बनवायला मात्र कुणाची मुलाखत द्यावी लागत नाही. म्हणूनच हे काम आकर्षक वाटतं, आणि म्हणूनच त्याचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

पट्टी मांडून बघू

समजा, तुम्ही रोब्लॉक्सवर एक टोपी १०० रोबक्सला लावली. रोबक्स हे तिथलं चलन. अ‍ॅपमधून रोबक्स घेताना ४.९९ डॉलरला ४०० मिळतात, म्हणजे १०० रोबक्स साधारण सव्वा डॉलरला पडतात. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर ८५ रुपयांचा धरू. खेळणाऱ्याच्या खिशातून गेले सुमारे १०६ रुपये.

आता वजाबाकी. रोब्लॉक्सच्या २०२५ मधल्या नियमांनुसार अवतारावर घालायच्या वस्तूंची वाटणी ३०-४०-३० अशी होते. ३० टक्के बनवणाऱ्याला, ३० टक्के रोब्लॉक्सला आणि मधले ४० टक्के ज्याच्या 'दुकानात' वस्तू विकली गेली त्याला. तुमची टोपी दुसऱ्या कुणाच्या गेममध्ये विकली गेली, तर हे ४० टक्के त्या गेमच्या मालकाला. रोब्लॉक्सच्या स्वतःच्या मार्केटप्लेसवर विकली गेली, तर तेही रोब्लॉक्सलाच. म्हणजे १०० पैकी तुमच्या खात्यात ३० रोबक्स.

पट्टी इथे संपत नाही. खरी कात्री पुढे आहे. रोबक्स विकत घ्यायचा भाव एक आणि परत डॉलरमध्ये बदलायचा भाव दुसरा. खेळणारा एका रोबक्ससाठी जवळपास सव्वा सेंट मोजतो. तुम्ही कमावलेला रोबक्स परत देता तेव्हा रोब्लॉक्स तुम्हाला ०.३८ सेंट देतं. हा दर सप्टेंबर २०२५ मध्ये वाढवलेला आहे, त्याआधी तो ०.३५ सेंट होता. तर ३० रोबक्सचे झाले ११.४ सेंट, म्हणजे सुमारे ९ रुपये ७० पैसे.

खेळणाऱ्याने १०६ रुपये दिले, तुम्हाला पावणेदहा मिळाले. टक्केवारीत सांगायचं तर शंभरातले नऊ रुपये.

हे नऊही लगेच हातात येत नाहीत. पैसे काढायला किमान ३०,००० कमावलेले रोबक्स साठावे लागतात. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या एक हजार टोप्या. त्या विकल्या की ११४ डॉलर, साधारण ९,७०० रुपये. तुलनेसाठी सांगतो : २०१९ मध्ये सुधारलेल्या अ‍ॅप्रेंटिसशिप नियमांत डिप्लोमावाल्याचं किमान मासिक विद्यावेतन ८,००० रुपये ठरलं होतं. एक हजार अनोळखी लोकांनी तुमची टोपी घेतली, तर चाकणमधल्या शिकाऊ पोराच्या महिन्याभराच्या किमान रकमेपेक्षा थोडे जास्त मिळतात. वस्तू मार्केटवर टाकायलाही आधी काही रोबक्स भरावे लागतात, ते वेगळे.

कापतं कोण, आणि का?

'लूट आहे ही!' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण थोडं थांबा. या वजाबाकीत तीन वेगवेगळे हात आहेत.

पहिला हात अ‍ॅप स्टोअरचा. मोबाइलवरून रोबक्स घेतले की अ‍ॅपल किंवा गूगल आपला वाटा घेतं. मोठ्या कंपन्यांसाठी हा दर वर्षानुवर्षं ३० टक्के राहिला आहे. म्हणूनच वेबसाइटवरून किंवा गिफ्ट कार्डने घेणाऱ्याला रोब्लॉक्स तेवढ्याच पैशात जास्त रोबक्स देतं. ४.९९ डॉलरला ४०० ऐवजी ५००.

दुसरा हात खुद्द प्लॅटफॉर्मचा. सर्व्हर, सुरक्षा, मुलांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, हा सगळा खर्च त्यांचा. रोज दहा कोटींहून जास्त लोक तिथे येतात, ती गर्दी तुम्ही निगडीत बसून जमवू शकला नसता. २०२४ मध्ये रोब्लॉक्सने निर्मात्यांना सुमारे ९२ कोटी डॉलर दिले. खेळणाऱ्यांनी त्या वर्षी तिथे खर्च केलेल्या रकमेच्या हे साधारण एकवीस टक्के. आणि एवढं करूनही कंपनी त्या वर्षी तोट्यातच होती.

तिसरा हात दुकान मालकाचा, आणि आपल्या मुलांनी बघायचा तो हाच. तीच टोपी तुम्ही स्वतःच्या गेममध्ये विकली, तर मधले ४० टक्केही तुमचे. ३० ऐवजी ७० रोबक्स. शंभरातले नऊ नाही, एकवीस. टोपी तीच, मेहनत तीच. फरक फक्त दुकान कुणाचं, एवढाच. आपल्याकडे जमीन ज्याची त्याचं भाडं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. गेममध्येही जमीन आहे, फक्त ती दिसत नाही.

दुसरीकडे काय स्थिती आहे? स्टीमवर 'टीम फोर्ट्रेस २'साठी वस्तू बनवणाऱ्याला २५ टक्के वाटा मिळत आला आहे. माइनक्राफ्टच्या मार्केटप्लेसची घोषणा २०१७ मध्ये झाली, तेव्हा अ‍ॅप स्टोअरचे ३० टक्के गेल्यावर उरलेला बहुतांश भाग निर्मात्याला, असं सांगितलं गेलं. एपिकने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की फोर्टनाइटच्या बेटांवर वस्तू विकणाऱ्यांना एरवी ५० टक्के, पण २०२६ अखेरपर्यंत १०० टक्के देऊ. मात्र हे शंभर टक्के 'व्ही-बक्सच्या मूल्याचे'. स्टोअरच्या फी वजा झाल्यावर ते खेळणाऱ्याने भरलेल्या पैशाच्या साधारण ७४ टक्के होतात. टक्केवारी ऐकली की 'कशाचे टक्के?' हे आधी विचारायचं, ते यासाठी.

अडत कुणी भरायची?

हा वाद आपल्याला नवा नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढल्या आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. त्या वेळी एक मुद्दा पुढे आला होता : अडत कागदावर कुणाच्याही नावाने लावा, खरेदीदार ती मनात धरूनच भाव बोलतो. पर्यायी बाजार असेल तरच शेतकऱ्याचं पारडं जड होतं.

अ‍ॅपच्या बाजारातही अगदी हेच चाललंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरवर स्वतःचीच बिलिंग व्यवस्था लादल्याबद्दल गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान गूगलने दुसरं बिलिंग वापरायची मुभा दिली, पण फी कमी केली फक्त चार टक्क्यांनी. म्हणजे ३० च्या जागी २६, १५ च्या जागी ११. पैसे गोळा करणाऱ्या दुसऱ्या कंपनीला तिचे द्यायचे ते वेगळेच. मग बदलून फायदा किती? मार्च २०२४ मध्ये फीच्या वादातून गूगलने काही भारतीय अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली, तेव्हा केंद्र सरकारला मध्ये पडावं लागलं आणि अ‍ॅप्स परत आली. नोकरी, शादी डॉट कॉमसारख्या मोठ्या अ‍ॅप्ससाठी मंत्री बोलले. आकुर्डीतल्या टोपीवाल्यासाठी कोण बोलणार?

भोसरीचा व्हेंडर आणि गेमचा व्हेंडर

भोसरीत लेथ टाकून जॉबवर्क करणाऱ्या काकांना विचारा. मटेरियल कंपनीचं, ड्रॉइंग कंपनीचं, रेट कंपनी ठरवणार. माल रिजेक्ट झाला तर डेबिट नोट. तेही तक्रार करतातच. पण त्यांच्या हातात निदान पीओ असते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. एप्रिल २०२४ पासून तर वेळेत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा करून मिळत नाही.

गेमच्या व्हेंडरकडे पीओ नाही. दर बदलला, नियम बदलला, खातं बंद झालं, तर अटी प्लॅटफॉर्मच्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २'च्या एका अपडेटने दुर्मीळ चाकू मिळवायचा नवा मार्ग उघडला आणि त्या चाकूंचे भाव एका रात्रीत कोसळले. कुणी चूक केली नव्हती, कुणी फसवलं नव्हतं. मालकाने फक्त एक नियम बदलला. शिवाय स्टीमच्या बाजारात विकून आलेले पैसे स्टीम वॉलेटमध्येच राहतात, बँकेत येत नाहीत. त्याला कमाई म्हणायचं की कूपन, हे ज्याचं त्याने ठरवावं.

अर्थात, निर्माते एकत्र आले तर फरक पडतो. एप्रिल २०१५ मध्ये स्टीमने 'स्कायरिम'साठी पैसे देऊन घ्यायचे मॉड आणले, त्यात मॉड बनवणाऱ्याला २५ टक्केच. जगभरातून एवढी ओरड झाली, की चार-पाच दिवसांत योजना गुंडाळली गेली. आपल्याकडे गाड्यांच्या पट्ट्यात युनियनचा इतिहास आहे, पण घरी एकटं बसून टोप्या बनवणाऱ्यांची मात्र साधी यादीसुद्धा नाही.

मग करायचं की नाही?

करा. पण पट्टी बघून करा.

एक, भाव ठरवताना वरचा आकडा बघू नका. एका विक्रीमागे बँकेत किती येणार ते काढा, बनवायला लागलेल्या तासांनी भागा. तासाला किती पडले ते वहीत लिहा. आकडा बघून हसू येईल किंवा रडू, पण तो खरा असेल.

दोन, सगळा माल एकाच बाजारात नेऊ नका. मॉडेलच्या मूळ फायली स्वतःकडे ठेवा. एपिकच्या 'फॅब' या बाजारात थ्रीडी मॉडेल विकणाऱ्याला ८८ टक्के मिळतात. तिथे ग्राहक मुलं नसून गेम बनवणारे असतात, त्यामुळे दर्जा जास्त लागतो. गेम मालकांसाठी थेट ठरावीक रकमेवर काम करणं हाही एक मार्ग.

तीन, कागदपत्रं. परदेशातून आलेली ही रक्कम उत्पन्नच आहे, आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते. अठराच्या आतल्या मुलाने स्वतःच्या कौशल्यावर कमावलेलं उत्पन्न आई-बाबांच्या उत्पन्नात मिसळत नाही, ते त्याचंच धरलं जातं. त्यासाठी पॅन लागतं. म्हणजे घरी सांगावंच लागेल, आणि सांगितलेलंच बरं.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : डिप्लोमा सोडू नका. या वस्तू बनवताना आलेला हात हीच या धंद्यातली एक गोष्ट आहे, जिच्यावर कुणी कमिशन कापू शकत नाही. तो हात उद्या स्टुडिओत चालेल, चाकणच्या डिझाइन विभागात चालेल, स्वतःच्या गेममध्येही चालेल.

आजोबा पट्टीचा तळचा आकडा वाचूनच पुढच्या वर्षी कांदा लावायचा की नाही ते ठरवतात. नातवानेही तेच करावं. पुढच्या वेळी कुणी विचारलं, 'किती झाले?' तर खालची ओळ सांगा.