थंडीला दोष देऊ नका!

"डॉक्टर, थंडीमुळे वजन परत वाढलं." दर फेब्रुवारीत हे ऐकतो. माफ करा, पण वजन थंडी वाढवत नाही. पहाटेचं चालणं बंद होतं आणि नेमके तेव्हाच डिंकाचे लाडू सुरू होतात. अर्धा तास भरभर चालल्याने ७० किलोच्या माणसाच्या सुमारे १५० कॅलरी खर्च होतात. तुपातला एक लाडू तेवढ्या सहज परत देतो. 'थंडीत खाल्लेलं अंगी लागतं' हे शेतात राबणाऱ्यांसाठी ठीक होतं, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांसाठी नाही. शिवाय वजन उतरल्यावर शरीराला पूर्वीपेक्षा कमी कॅलरी लागतात. पहाटे जमत नसेल तर संध्याकाळी चाला, जिने चढा. तेही जमत नसेल तर लाडू अर्धा करा. दर रविवारी वजन करा. कष्टाने उतरवलेलं वजन फुकट परत घेऊ नका.