झोळीवाला कोण?

"झोप, नाहीतर झोळीवाला नेईल!" नाशिकच्या आपल्या वस्त्यांतही दोन वर्षांच्या लेकराला हीच धमकी मिळते. आम्ही विचारतो, हा झोळीवाला कोण? पोटासाठी भंगार वेचणारा आपलाच माणूस! अंधाराची भीती त्या वयात येतेच. माणसाची भीती मात्र आपण शिकवतो. विटाळही असाच घराघरांत शिकवला गेला.

भ्यालेल्या लेकराला हसू नका, दटावू नका. जवळ घ्या, दिव्याचे बटण त्याच्याच हाताने दाबू द्या, पलंगाखाली सोबत डोकावा. भंगारवाल्या काकांना त्याच्यादेखत जय भीम करा.

२ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे काळाराम मंदिराच्या दाराशी उभी ठाकली. त्यांच्या नाशिकात माणसाचाच बागुलबुवा करायचा?