द्वेष आणि बंदूक : मूळ कारणाच्या नावाखाली काय लपवले जाते?

अमेरिकेत शाळेत, चर्चमध्ये किंवा बाजारात गोळीबार झाला की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, बंदुकांवर निर्बंध घाला. दुसरी बाजू म्हणते, बंदूक स्वतःहून कोणाला मारत नाही, मारतो तो माणूस. तेव्हा हिंसेचे मूळ कारण शोधा. पंधरा दिवस हे चालते. मग प्रेते पुरली जातात, वाद थंडावतो आणि पुढच्या गोळीबारापर्यंत सगळे जिथल्या तिथे राहते.

हा वाद आपला नाही असे म्हणून सोडून देता येत नाही. मागे आमच्या अभ्यासवर्गात अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर चर्चा चालू होती. एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "तिथल्या कृष्णवर्णीयांकडे बंदुका असत्या तर? आणि आपल्या वस्त्यांत असत्या तर?" दुसरा लगेच म्हणाला, "बंदुकीचे काय घेऊन बसलात? जात आहे तोवर आपण मरणारच. खैरलांजीत कुठे बंदूक होती?" वर्ग संपला, पण दोन्ही प्रश्न डोक्यातून गेले नाहीत. त्यांचे उत्तर द्यायचा हा प्रयत्न आहे.

आधी एक घटना नीट पाहू. १४ मे २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एका सुपरमार्केटमध्ये अठरा वर्षांच्या गोऱ्या तरुणाने दहा जणांना ठार मारले. दहाही कृष्णवर्णीय. तो त्या शहरातला नव्हता. कृष्णवर्णीयांची दाट वस्ती कुठे आहे हे शोधून, तीनशेहून अधिक किलोमीटर गाडी चालवत तो आला होता. गोऱ्यांची जागा इतर वंशाचे लोक बळकावत आहेत हे विष त्याने इंटरनेटवर वाचले होते. हातातली रायफल दुकानातून कायदेशीर विकत घेतलेली होती, नंतर तिच्यात बेकायदा बदल केलेला होता. त्याचे नाव आम्ही लिहिणार नाही. असल्या लोकांना तेच हवे असते.

आता सांगा, यात मूळ कारण कोणते? द्वेष की बंदूक?

आमचे म्हणणे असे आहे की हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो, आणि तो मुद्दाम तसा मांडला जातो. कोणाला मारायचे हे द्वेषाने ठरवले. एकटा माणूस काही मिनिटांत किती जणांना मारू शकतो हे बंदुकीने ठरवले. २०१२ साली विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात, २०१५ साली चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये, २०१९ साली एल पासोच्या बाजारात हेच घडले. बळी कधी शीख, कधी कृष्णवर्णीय, कधी मेक्सिकन वंशाचे. चार्ल्सटनच्या मारेकऱ्याची पार्श्वभूमी तपासणी तीन दिवसांत पूर्ण झाली नाही, म्हणून कायद्यातल्या सवलतीप्रमाणे दुकानदाराने त्याला पिस्तूल देऊन टाकले. द्वेष त्याच्याकडे आधीपासून होता. हत्यार त्याला कायद्याच्या पळवाटेने दिले.

"मूळ कारण शोधा" म्हणणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी विचारू. पहिली, तुम्ही खरोखर शोधता का? बंदूक उद्योगाचे पाठीराखे मूळ कारण म्हणून मानसिक आजार, व्हिडिओ गेम, मोडलेली कुटुंबे अशी यादी वाचतात. त्या यादीत गोऱ्या वर्चस्ववादाचे नाव सहसा नसते. आपल्याकडे जातीय अत्याचार झाला की जमिनीचा वाद, प्रेमप्रकरण, जुने वैर अशी कारणे पुढे येतात आणि जात तेवढी गाळली जाते. युक्ती तीच आहे. आणि मानसिक आजार जगात सगळीकडे आहे. अमेरिकेत मात्र २०१८ च्या स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या अंदाजाप्रमाणे नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत, म्हणजे दर शंभर माणसांमागे १२०. वेगळेपण इथे आहे.

दुसरी, कारण सापडलेच नाही तर काय करायचे? १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास वेगासमध्ये एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून संगीताच्या कार्यक्रमावर गोळ्या झाडल्या. साठ माणसे गेली. एफबीआयने वर्षभराहून अधिक तपास केला, तरी त्याचा एकच एक स्पष्ट हेतू सापडला नाही. कारण सापडेपर्यंत थांबायचे असते, तर आजही थांबून राहावे लागले असते. त्याच्या खोलीतल्या रायफली मात्र पहिल्याच दिवशी सापडल्या होत्या.

हत्याराने काय फरक पडतो याचा एक दाखला कधी विसरू नये. १४ डिसेंबर २०१२. त्या दिवशी चीनच्या हेनान प्रांतात एका माणसाने शाळेत घुसून सुऱ्याने वीसहून अधिक मुलांवर वार केले. एकही मूल दगावले नाही. त्याच दिवशी अमेरिकेत सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत एक तरुण रायफल घेऊन घुसला. वीस मुले आणि सहा मोठी माणसे मेली. दोन्हीकडचा माणूस मुलांवरच तुटून पडला होता. फरक हातातल्या वस्तूचा होता.

आता आमच्या दुसऱ्या मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. तिथे एकही गोळी झाडली गेली नाही. १९९४ साली रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, त्यातली मोठी संख्या कोयत्यांनी आणि दांडक्यांनी. मग बंदूक नियंत्रणाने काय साधणार?

इथे थांबून विचार करायला हवा. बंदुकीशिवाय कत्तल करायला काय लागते? जमाव लागतो. त्या जमावाला माणसे मारणे हे आपले कर्तव्य वाटावे लागते. बघे गप्प राहावे लागतात, पोलीस उशिरा यावे लागतात. रवांडात रेडिओवरून द्वेष पसरवला गेला, मिलिशिया तयार केली गेली, सत्ता पाठीशी उभी राहिली, तेव्हा कोयते चालले. खैरलांजीत जातीने हे काम केले. जात हीच आयती संघटना आहे, तिला वेगळी सेना उभारावी लागत नाही. अमेरिकेतल्या त्या अठरा वर्षांच्या पोराकडे गाव नव्हता, जमाव नव्हता. पूर्वी ज्या कामाला अख्खा गाव लागायचा ते काम रायफलने एकट्याला करता आले.

म्हणून लढाया दोन आहेत. एकट्यादुकट्या द्वेष्ट्याच्या हातातली बंदूक काढून घेणे ही एक. ती कायद्याने होते. १९९६ साली ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला ३५ जण मारले गेल्यावर तिथल्या सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. पुढची वीसहून अधिक वर्षे तेवढे मोठे हत्याकांड तिथे झाले नाही. संघटित द्वेष मोडणे ही दुसरी लढाई. ती नुसत्या शस्त्र कायद्याने होत नाही, तिला जातिअंत लागतो, वर्णद्वेषाचा अंत लागतो. दुसरी लढाई मोठी आहे म्हणून पहिली सोडा असे जो सांगतो, तो बहुतेक वेळा दोन्हीपैकी एकही लढत नसतो.

पण बंदूक नियंत्रणाचे समर्थन करताना आम्ही डोळे मिटून करणार नाही. "नियंत्रण कोणावर?" हे आंबेडकरवाद्याने विचारलेच पाहिजे. अमेरिकेचा इतिहास बघा. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॅनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक मानायला नकार दिला. नागरिक मानले तर त्यांना शस्त्र बाळगण्याचाही हक्क मिळेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग होता. गुलामगिरी संपल्यावर मिसिसिपीसारख्या राज्यांनी कायदे करून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना शस्त्रबंदी केली. १८७३ साली लुईझियानात कोलफॅक्सला गोऱ्या सशस्त्र टोळीने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. थोड्यांना शिक्षा झाली, तीही १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. आणि १९६७ साली ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले, तेव्हा बंदूकप्रेमी मंडळींना अचानक नियंत्रणाची आठवण झाली. उघड्यावर भरलेली बंदूक बाळगायला बंदी करणारा कायदा झाला. त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी आणि नॅशनल रायफल असोसिएशनचा त्याला पाठिंबा होता.

आपल्याकडे हे फार जुने आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी भारतीयांना निःशस्त्र केले म्हणून सवर्ण पुढाऱ्यांनी मोठी ओरड केली. त्याआधी शतकानुशतके आपल्या पूर्वजांना कोणी निःशस्त्र केले होते, यावर ते बोलले नाहीत. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या भाषणात हे स्पष्ट मांडले आहे. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र नाकारले, म्हणून त्यांना बंड करता आले नाही.

मग पहिल्या मित्राचे म्हणणे बरोबर का? आपणही बंदुका घ्याव्यात का? आयडा बी. वेल्स यांनी लिंचिंगविरुद्ध लढताना १८९२ साली कृष्णवर्णीयांच्या घरात रायफल असावी असे लिहिले होते. जिथे कायदा मारेकऱ्याच्या बाजूने उभा असतो तिथे ही भावना येते. तिची टिंगल आम्ही करणार नाही. पण अनुभव काय सांगतो ते पाहा. बफेलोच्या त्या दुकानात आरन सॉल्टर नावाचा सुरक्षारक्षक होता, निवृत्त पोलीस, हातात पिस्तूल. त्याने मारेकऱ्यावर गोळी झाडली. ती बुलेटप्रूफ जाकिटावर अडली आणि सॉल्टरच मारला गेला. त्यानंतर दहाच दिवसांनी टेक्सासमध्ये युव्हाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथे शेवटी ३७६ सशस्त्र अधिकारी जमले होते आणि मारेकऱ्याला थांबवायला ७७ मिनिटे लागली. २०१६ साली मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीयाने पोलिसाला प्रामाणिकपणे सांगितले की माझ्याजवळ परवान्याची बंदूक आहे. पोलिसाने त्याला गाडीतच गोळ्या घातल्या. पुढे तो पोलीस निर्दोष सुटला. बंदूक एकच असते, पण ती गोऱ्याच्या हातात हक्क ठरते आणि कृष्णवर्णीयाच्या हातात गुन्हा ठरते.

आपल्या वस्तीत याहून वेगळे होईल असे समजू नका. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात लोक पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करत होते. राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण गेले. निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. वस्तीत एक जरी बंदूक असती, तर त्या गोळीबाराचे समर्थन करायला आयते निमित्त मिळाले असते.

बिहारमध्ये रणवीर सेनेने १९९६ साली बथानी टोल्यात २१ आणि १९९७ साली लक्ष्मणपूर बाथेत ५८ माणसे मारली. तिथे संघटित जातही होती आणि बंदुकाही होत्या. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिल्या. पाटणा उच्च न्यायालयाने २०१२ आणि २०१३ साली सगळ्यांना सोडून दिले. कोलफॅक्सच्या निकालाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

म्हणून आमची मागणी वेगळी आहे आणि ती आपल्याच कायद्यात लिहिलेली आहे. अॅट्रॉसिटी कायद्याखालचे १९९५ चे नियम काढून वाचा. नियम ३ म्हणतो की अत्याचारप्रवण क्षेत्रात अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने गरजेप्रमाणे रद्द करावेत आणि बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. त्यानंतर, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना परवाने द्यावेत. हा क्रम लक्षात घ्या. आपल्या तरुणांच्या तोंडी शेवटची तरतूद असते. आधीच्या दोन तरतुदींसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात किती निवेदने गेली? आपल्या तालुक्यात शस्त्र परवाने किती, कोणाच्या नावावर, त्यातल्या किती जणांवर अॅट्रॉसिटीचे गुन्हे आहेत, हे माहितीच्या अधिकारात किती जणांनी विचारले? जुलमी माणसाच्या हातातले हत्यार आधी काढा. आपल्या हातात हत्यार द्यायचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि पहिले काम नीट झाले तर बहुतेक ठिकाणी तो येणारही नाही.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतल्या पँथरचे घेतले, बंदूक घेतली नाही. तो भित्रेपणा नव्हता. बाबासाहेबांनी १९१८ सालीच बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकावर लिहिताना विध्वंस करणारी हिंसा आणि काही घडवणारी शक्ती यांत फरक केला होता. मोर्चा, कविता, खटला, निवडणूक, शिक्षण ही शक्ती आहे. ती कमी पडली असेल तर वाढवायची. तिच्या जागी काडतूस भरून चालणार नाही.

त्या दोन्ही मित्रांना आमचे उत्तर असे. जात हे मूळ आहे, यात शंका नाही, आणि ते उपटायचेच आहे. पण मूळ उपटेपर्यंत मारेकऱ्याच्या हातात हत्यार राहू देणे म्हणजे आपल्याच माणसांचे मरण पुढच्या तारखेला ढकलणे. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना नियम ३ ची प्रत आणा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज तिथेच बसून लिहू.

जय भीम!