चेतकाच्या खेपा

चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनांत सायंकाळीं बसलों असतां घरघर करीत जाणारें हेलिकॉप्टर आम्ही पुष्कळदां पाहिलें आहे. तें बहुधा दमणच्या तटरक्षक तळावरील ‘चेतक’ असतें.

पुष्पकाचा दाखला देऊन वाचकांस शिणविण्याचा आमचा विचार नाहीं. चेतक हें नांवच पुरेसें बोलकें आहे. १५७६ सालीं हळदीघाटांत घायाळ धन्यास रणाबाहेर काढून तो अश्व पडला, असें परंपरा सांगते. मूळ फ्रेंच बनावटीचें हें यंत्र पुढें बंगळूरास होऊं लागलें. तटरक्षक दलाचें पहिलें हेलिकॉप्टर-पथक, क्रमांक ८००, २२ मे १९८२ रोजीं गोव्यांत चेतकांवरच उभें राहिलें. दमणचें पथक त्याच कुळांतलें.

मुलांकडून लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेण्यांत आमचा जन्म गेला. परंतु या पथकांची बखर निराळी. मे २०२१ च्या ‘तौक्ते’ वादळांत ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हें बार्ज वाहवत येऊन पालघरजवळ वडराईच्या किनाऱ्यालगत रुतलें. वर १३७ माणसें. तटरक्षक दल व नौदल यांचीं हेलिकॉप्टरें धांवून आलीं. चेतकांत आसनें सात. दोरानें एका वेळीं वर घ्यावयाचीं माणसें एक-दोन! तरी सर्व १३७ जण वांचले. त्याच वादळांत बुडालेल्या ‘पी-३०५’ वरील साठांहून अधिक माणसें मात्र परतलीं नाहींत.

चेतक आतां जुनें झालें. ‘ध्रुव’ त्याची जागा घेत आहे. घेवो बापडें. पण त्या खेपा डोळ्यांनीं पाहिलेल्या कोळीबांधवांकडून वृत्तान्त कोणी लिहून घेतला आहे काय? आम्ही येत्या रविवारीं वडराईस जाण्याचें योजिलें आहे. वही घेतली आहे.