रीसेट म्हणजे दुरुस्ती नव्हे!

मंडळी, नेट गेलं की टाचणी घेऊन राउटरच्या मागचं भोक शोधणाऱ्यांना एकदा सांगायलाच हवं. बंद करून चालू करणं वेगळं, रीसेट वेगळं! पहिल्यात सेटिंग शाबूत राहतं. दुसऱ्यात साधारण १० सेकंद बटण दाबलं की पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं साफ. फळा पुसण्याआधी वहीत उतरवून घ्यावं, हे चौथीतल्या पोरालाही कळतं. बहुतेक राउटरांत बॅकअपची सोय असते. एक फाइल जपून ठेवली की त्याच मॉडेलवर परत चढवता येते. मग जोडणीवाले ती आपल्याला का देत नाहीत? इगतपुरीच्या धो धो पावसात त्यांचा माणूस येईपर्यंत परदेशातल्या नातवंडांचा चेहरा दिसत नाही. घर आपलं, पैसे आपले, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात? हे चालणार नाही. मागून घ्या!